तांदळाच्या डब्यातला फोन

सावली तालुक्यात रोवणी सुरू झाली की कुणाचा ना कुणाचा मोबाईल फोन बांधीतल्या चिखलात पडतोच. सल्लाही ठरलेला असतो : ‘तांदळात ठेव.’ हा सल्ला शेजारीपाजारी देतात, फोनवरच्या निरोपांतून तो फिरतो, आणि एका शाळेच्या विज्ञान फलकावर ‘हे तुम्हांला माहीत आहे का?’ या मथळ्याखालीही मी तो वाचला. शेजाऱ्याचे सोडा, पण फलकावर आलेले विधान तपासायलाच हवे.

तांदूळ ओलावा शोषतो हे खरे आहे. पण किती? धानाच्या मुलखात हे सांगायला पुस्तक लागू नये. सरकारी खरेदीत धानात १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी सर्वांना ठाऊक असते. दाणा दाताखाली कट्कन तुटतो की दबतो, हे पाहून ओलावा ओळखणारी माणसेही घरोघरी आहेत. घरातल्या तांदळातसुद्धा साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते. म्हणजे डब्यातल्या एक किलो तांदळात सुमारे सव्वाशे ग्रॅम पाणी आधीच आहे! पावसाळ्यातल्या दमट हवेशी त्याचा समतोल झालेला असतो. अशा दाण्याने फोनच्या पोटातले पाणी ओढून घ्यावे, ही अपेक्षा फार झाली. ते पाणी आधी वाफ होऊन फटींतून बाहेर यावे लागते आणि ती वाफ वाहून न्यायला हवा हलती असावी लागते. डब्यात तर हवा कोंडलेली.

याच्याशी मिळतीजुळती एक जुनी युक्ती मात्र शहाणपणाची होती. उष्ण-दमट प्रदेशांत छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या फिल्म कोरड्या ठेवायला तांदूळ वापरत. पण आधी तो तपकिरी होईपर्यंत भाजून. भाजल्याने दाण्यातले पाणी निघून जाई आणि मग तो बंद डब्यातल्या हवेचे बाष्प टिपू शके. आजच्या सल्ल्यात भाजणे नाही, आणि फोन तर आतून भिजलेला.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. फोन बिघडतो तो केवळ पाण्याने नव्हे, तर पाण्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा विद्युतदाब एकत्र आल्याने. बॅटरीचे विभवांतर ३.७ व्होल्टच्या आसपास असते. पाण्याच्या विद्युत अपघटनाला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे वर्गात आपण काचपात्रात दाखवतो तोच प्रयोग फोनच्या आत सुरू होतो. तांब्याचे आयन एका रेघेवरून निघून दुसरीवर साचतात, जोड गंजतात. तेव्हा पहिले काम फोन बंद करण्याचे. तांदळाचा सल्ला नेमके हेच सांगत नाही. चालू फोन डब्यात पुरून माणूस निश्चिंत झोपतो आणि आत गंज चढत राहतो.

‘पण आमचा वाचला ना!’ असे म्हणणारे भेटतातच. तो तांदळाशिवाय, खिडकीत ठेवूनही वाचला असता का, हे कुणी पाहिलेले नसते. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या सूचनांत फोन तांदळात ठेवू नका, दाण्यांचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असे स्पष्टच लिहिले. कंपनी म्हणते म्हणून मानू नये, हे ठीक. पण तांदळाची पूड छिद्रांत अडकते हे डोळ्यांनी दिसते.

फोन बंद करावा, झाकण व बॅटरी निघत असेल तर काढावी, पुसून पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नको. तापलेली लिथियमची बॅटरी धोक्याची. पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नये. चिखल किंवा चहा शिरला असेल तर नुसते वाळवून भागत नाही, कारण पाणी उडाले तरी क्षार मागे राहतात. दुरुस्ती करणारे फोन उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतला भाग धुतात, ते यासाठीच.

फलकावरचा मजकूर पुसण्याआधी वर्गात एक प्रयोग करता येईल. स्पंजचे तीन सारखे तुकडे सारख्याच पाण्यात भिजवून वजन करावे. एक तांदळात पुरावा, एक पंख्याखाली, एक नुसता बाकावर ठेवावा आणि दर तासाला वजने फळ्यावर मांडावीत. तांदळाचेही वजन आधी आणि नंतर करायला विसरू नये. आणि दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग भाजलेला तांदूळ घेऊन करावा.