पाणी कुणाच्या वाट्याला? गेल ऑम्व्हेट यांचं पर्यावरणलेखन वाचताना



गेल ऑम्व्हेट २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावात गेल्या. वय ८०. त्यानंतर जे मृत्युलेख आले त्यात अमेरिकेत जन्मून भारताच्या नागरिक झालेल्या विदुषी, ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत पीएच.डी. करणाऱ्या संशोधक, फुले-आंबेडकरी विचारांच्या भाष्यकार असं सगळं आलं. ते रास्तच आहे. पण दुष्काळ, नदी, वाळू, धरण या विषयांवर त्यांनी जे लिहिलं ते बहुतेक ठिकाणी एका-दोन ओळींत उरकलं गेलं. मला आज त्यावरच बोलायचंय.

आता तुम्ही म्हणाल, त्या पर्यावरण पत्रकार कुठे होत्या? बरोबर आहे, तशी त्यांची ओळख नव्हती. पण ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये, ‘द हिंदू’मध्ये त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या, आणि वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहून लिहीत होत्या. शेजारच्या तालुक्यातला दुष्काळ आणि पलीकडच्या जिल्ह्यातला धरणग्रस्तांचा मोर्चा हे त्यांच्यासाठी ‘दौऱ्यावर जाऊन’ करायचे विषय नव्हते. एवढं असेल तर पत्रकार या शब्दावर अडून बसायचं मला कारण दिसत नाही.

आधी आपला भूगोल आठवू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला गेलं की त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये, पुढे सांगलीच्या आटपाडीत, पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहर पुरात होतं आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर फिरत होते. याची बातमी आपण कशी करतो? एका पानावर पूर, दुसऱ्या पानावर दुष्काळ, दोन्हीकडे निसर्गाचा कोप. गेल ऑम्व्हेट यांच्या लेखनाचं वेगळेपण इथेच कळतं. पाऊस किती पडला हे त्या विचारतात, पण तिथे थांबत नाहीत. पडलेलं पाणी कुणाच्या वाट्याला आलं, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न पुस्तकातून आला नव्हता, खानापूर तालुक्यातून आला होता. १९८२ चा गिरणी संप लांबला तसे मुंबईतले कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची. तेव्हा लोक विचारायला लागले, की दरवर्षी खडीच फोडायची, तर दुष्काळ हटणार कधी? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट दोघंही तीत होते. गावांनी स्वतःच पीक-पाण्याची माहिती गोळा केली, शास्त्रज्ञ आणि अभियंते त्यांच्यासोबत बसले.

मग येरळा. साताऱ्याच्या खटावकडून येणारी, कृष्णेला मिळणारी नदी. तिची वाळू ठेकेदार उपसत होते. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवणारा थर जातो आणि काठच्या विहिरी आटतात. लोकांनी हा उपसा अडवला, आणि पुढे जाऊन सांगितलं की थोडी वाळू आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचं धरण बांधू. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधलेलं बळीराजा स्मृती धरण ते हेच. त्याची अट महत्त्वाची होती. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, सगळ्यांना सारखं द्यायचं. भूमिहीनालाही वाटा. पाणी विहीरमालकाचं, कालव्याच्या तोंडाशी शेत असणाऱ्याचं, हा आपल्याकडचा समज या अटीने मोडला.

या कामाच्या आधाराने त्या पर्यावरण चळवळीकडे बघत होत्या. १९९३ च्या ‘रीइन्व्हेंटिंग रेव्होल्यूशन’ या पुस्तकात त्यांनी स्त्रिया, दलित, शेतकरी आणि पर्यावरण या चळवळी एकत्र ठेवून वाचल्या. कष्टकऱ्याची लूट कारखान्यातच होते असं नाही, नदी आणि रान लुटलं जातं तेव्हाही ती होते, हे त्यांचं म्हणणं. डाव्या मंडळींना ते पचायला जड गेलं. आणि १९९९ साली पर्यावरणवाद्यांनाही त्यांनी असंच अडचणीत टाकलं.

त्या वर्षी अरुंधती रॉय यांचा नर्मदेवरचा निबंध आला. त्यात मोठी धरणं आणि अणुबॉम्ब एका ओळीत बसवले होते. ऑम्व्हेट यांनी ‘द हिंदू’त लेख लिहिले, रॉय यांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी लागतं, त्याचा आवाज या चर्चेत कुठे आहे? धरणग्रस्ताला आधी न्याय, मग धरण, आणि पाण्याचं समान वाटप असा तिसरा मार्ग आहे. साताऱ्या-सांगलीत हे हवेतलं बोलणं नव्हतं. कोयनेचे विस्थापित डोळ्यांसमोर होते. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरत होत्या. एकाच चळवळीच्या मांडवात जमीन बुडालेला आणि पाण्याविना राहिलेला, दोघेही बसत होते.

पण आदरांजली म्हणजे मान डोलावणं नव्हे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, कृष्णा खोऱ्यातला धरणग्रस्त आणि नर्मदेकाठचा आदिवासी यांची ताकद सारखी नव्हती. इथे संघटनांची परंपरा होती, १९७६ चा पुनर्वसन कायदा होता, लाभक्षेत्रात जमीन मागायची सोय होती. ज्याच्या ताब्यातल्या जमिनीची कागदावर नोंदच नाही, त्याने ‘आधी पुनर्वसन’ कशाच्या बळावर म्हणायचं? इथला अनुभव तिथे लावताना हा फरक त्यांच्या युक्तिवादात पुरेसा येत नाही, असं मला वाटतं. दुसरी गोष्ट, त्यांच्या लेखनात नदी येते ती बहुतेक वेळा पाणी म्हणून. मासे, काठची झाडं, पुराचा गाळ यांना तिथे फारशी जागा नाही. वाटा कुणाचा हे ठरवताना नदीचाही एक वाटा धरावा लागतो. आजच्या वाचकाला ही उणीव जाणवणारच.

तरीही या उणिवांमुळे त्यांचा प्रश्न जुना होत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी आता दुष्काळी भागात पोहोचतंय. आनंदाची गोष्ट आहे. बातमीत पाण्याची पूजा दिसते, पुढाऱ्यांचे हार दिसतात. पण पाणी आल्यावर ऊस किती वाढला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला काय पोहोचलं, भूमिहीन बाईला काही मिळालं का, हे किती बातम्यांत येतं? आटपाडीत बंद नळातून समान पाणीवाटपाची मागणी पुढे आली. तिचं पुढे गावागावांत काय होतंय, याचा पाठपुरावा करणारा वार्ताहर हवा.

इथे पत्रकारितेचे विद्यार्थी असतील, ऑनलाइन ऐकणारेही असतील. त्यांना एवढंच सांगतो, गेल ऑम्व्हेट यांचे पाण्यावरचे लेख शोधून वाचा. मग आपल्या तालुक्यातली एखादी पाणी योजना घ्या आणि तिची वाटपाची यादी मागा. कुणाची नावं आहेत ते बघा. कुणाची नाहीत तेही लिहा.