वेस्सन्तराचे दान आणि जालीचे मोल

जातक-वाङ्मयातील त्यागकथांचे विवेचन दानपारमितेच्या गौरवाशी येऊन थांबते, असा प्रघात आहे. त्या त्यागाने मुक्त कोण झाले आणि त्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या दृष्टीने महाकपिजातक (क्र. ४०७) व वेस्सन्तरजातक (क्र. ५४७) यांची तुलना उद्बोधक ठरते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी व वेस्सन्तर हे दोघेही चित्रित आहेत.

महाकपीच्या कथेत वाराणसीच्या राजाचे धनुर्धर आम्रवृक्षाला वेढा घालतात. पैलतीरी बांधलेला वेत कमरेला गुंडाळून कपिराज परत झेप घेतो. वेत अपुरा पडतो, तेव्हा तो स्वतःच्या देहाचाच सेतू करतो. ८० हजार वानर त्याच्या पाठीवरून पार होतात. येथे दाता आणि वेदना सोसणारा एकच आहे. ते पाहून राजाला राजधर्म उमगतो.

वेस्सन्तराने मात्र जाली व कण्हाजिना ही आपली अपत्ये जूजकाच्या हाती दिली, तीही मद्दी फळे आणावयास वनात गेली असताना. मद्दीने अनुमोदन दिले खरे, पण दान घडून गेल्यावर. जालीच्या सुटकेचे मोल पित्यानेच १००० निक्ख ठरविले होते. आजोबा सञ्जय राजाने ते चुकते केले, तेव्हा मुले सुटली. म्हणजे दानाने मुले मुक्त झाली नाहीत, तर बद्ध झाली. परंपरेलाही हे बोचले असावे. गाथाकारांनी मुलांचा विलाप विस्ताराने जतन केला आणि मिलिन्दपञ्हात राजा मिलिन्दाने याच दानाविषयी शंका उपस्थित केली. नागसेनाचे समर्थन मुख्यतः बोधिसत्त्वाच्या हेतूवर उभे आहे. जालीच्या बाजूने पाहता ते पुरेसे वाटत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तथागत मोक्षदाता नसून मार्गदाता होत, असे प्रतिपादन केले. हा निकष लावला तर दुसऱ्याच्या दुःखाने कोणाचीही शुद्धी होत नाही. कपिराजही राजाला तारीत नाही, मार्ग दाखवितो.

बीड जिल्ह्यातील विहारांत ही कथा सांगताना हा विवेक अधिकच निकडीचा होतो. श्रोत्यांतील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर मिळते आणि ती फिटेपर्यंत दोघेही बांधले जातात. लेकरांची शाळाही त्यात सुटते. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा उपासिकांपुढे मद्दीच्या अनुमोदनाची केवळ स्तुती करणे म्हणजे लादलेल्या सोसण्यालाच पारमिता म्हणणे होय.

वेस्सन्तरजातक वगळावे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. ते जालीच्या विलापासह वाचले जावे, एवढेच म्हणणे आहे.