लाटेसमोर कठडा नाही

मँचेस्टरच्या पावसात तुम्हाला मरीन ड्राइव्ह आठवत असेल, तर मॅगी हॅम्ब्लिंग यांची चित्रं मुद्दाम बघा. सफकमध्ये १९४५ साली जन्मलेल्या हॅम्ब्लिंग यांनी साउथवोल्डच्या समुद्री भिंतीवर आदळणाऱ्या लाटा पाहून ‘वॉल्स ऑफ वॉटर’ ही मालिका रंगवली. २०१४-१५मध्ये ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत होती.

आपल्या पावसाळी फोटोंत लाट मागे असते आणि पुढे भिजणारी, हसणारी माणसं. हॅम्ब्लिंग माणसं वगळतात. पाणी आडवं पसरत नाही, उभं चढतं. जवळ गेलात की नुसते फटकारे आणि ओघळ, मागे सरलात की लाट. बघणाऱ्याला टेकायला कठडाच नाही.

एक तक्रार आहे. मालिकेतल्या एका चित्राच्या नावात एमी वाइनहाउस आहे. ते वाचलं की आपण पाण्यात चेहरा शोधत बसतो आणि लाट राहून जाते.

सफकचा किनारा समुद्र खरोखरच खातोय. डनविच हे जुनं बंदर बहुतेक सगळं पाण्यात गेलंय. या चित्रांतली भीती तिथली आहे. घरची आठवण थोडी बाजूला ठेवलीत, तर ती दिसेल.