बोलायची चोरी कुणाला?

इयान डार्लिंग यांचा ‘द फायनल क्वार्टर’ (2019) हा अनुबोधपट मला भावला, तो त्याच्या संयमामुळे. निवेदक नाही, नव्या मुलाखती नाहीत. आहे ते केवळ त्या त्या वेळचे चित्रण, क्रमाने मांडलेले.

नायक ॲडम गूड्स हा ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक, सिडनी स्वान्स संघाचा नामांकित फुटबॉलपटू. 2013 साली मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतील 13 वर्षांच्या एका मुलीने त्याला वानर म्हटले. त्याने ते निमूट गिळले नाही. पण दुसऱ्याच दिवशी, तिला दोष देऊ नका, असेही त्याने बजावले. तरीही पुढे मैदानामैदानांवर त्याची हुर्यो उडू लागली आणि 2015 साली तो निवृत्त झाला.

‘एका शब्दाचे केवढे हे स्तोम! हल्ली बोलायचीही चोरी झाली,’ असा सूर लावणारे या पटात पुष्कळ भेटतात. दिग्दर्शक त्यांना उत्तर देत नाही. नुसते बोलू देतो. बोलत राहतात ते तेच, आणि मैदान सोडावे लागते गूड्सला! याहून नेमके उत्तर कोणते?

मात्र या संयमापायी गूड्सचे मागाहूनचे मनोगत ऐकायचे राहून जाते, ही रुखरुख उरतेच.

परमुलखातली गोष्ट म्हणून आपण सुटत नाही. 2007 साली आपल्या वानखेडेवरही काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडचेष्टा केल्या होत्या. म्हणून म्हणतो, वाचकहो, हा पट मुलाबाळांसह पाहा. असले शब्द मुले कुणाकडून उचलतात, हा प्रश्न मात्र आपण मोठ्यांनी स्वतःलाच विचारायचा आहे.