स्मरणरंजन आणि नाट्यपद

संगीत नाटकाविषयीचे आजचे स्मरणरंजन बव्हंशी पदांभोवतीच घुटमळते. देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) द्रव्यलोभी कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ पाहतो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) मद्यापायी सिंधूचा संसार उद्ध्वस्त होतो. नाट्यपदांच्या मैफलीत मात्र ही पदे प्रसंगापासून तुटून येतात आणि आर्त उद्गारालाही 'वन्स मोअर' मिळतो. बालगंधर्वांच्या काळीही गाण्यासाठी नाट्य खोळंबत असे, हे खरे. परंतु पद संपताच प्रेक्षकाला पुन्हा त्या दुःखाकडे परतावे लागे. मैफलीत हे परतणे नाही. माधुर्य राहते, नाटककाराने समाजाला विचारलेला प्रश्न विरून जातो. या नाटकांचे जतन करावयाचे, तर त्यांचे गद्यही रंगभूमीवर ऐकू आले पाहिजे.