होय / नाही / सांगता येत नाही

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक प्रश्नावली भरली होती. पीएच.डी. करणाऱ्या एक ताई वर्गात आल्या, सरांनी अर्धा तास सोडला आणि आम्हा पोरापोरींना झेरॉक्सचे दोन-दोन कागद मिळाले. 'आपण दररोज किती वेळ सोशल मीडिया वापरता?' 'सोशल मीडियामुळे आपल्या अभ्यासावर परिणाम होतो का?' पुढे चौकटी: होय, नाही, सांगता येत नाही. शेवटी एक विधान होतं : 'सोशल मीडियामुळे समाजात अफवा पसरतात.' त्यापुढे 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत पाच पर्याय. शेजारच्याच्या कागदावर नजर टाकत दहा मिनिटांत मी सगळ्या खुणा करून मोकळा झालो. अफवांच्या विधानाशी अर्थातच पूर्णतः सहमत. आमच्या बाकावरचे सगळेच सहमत होते.

मग नोव्हेंबर २०२१ आला. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ १२ तारखेला अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. १३ तारखेला त्याविरोधात बंद, जाळपोळ, संचारबंदी आणि इंटरनेट बंद. नेट जायच्या आधी माझ्या फोनवर एक व्हॉइस नोट आली. कोणीतरी घाईघाईत सांगत होतं की अमुक भागाकडे जमाव निघालाय, घरातल्या बायापोरांना सांभाळा. मी ती पूर्ण ऐकलीसुद्धा नाही. घरच्या ग्रुपवर टाकली, मित्रांच्या ग्रुपवर टाकली. त्या भागात काहीच झालं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी साध्या फोनवरून कळलं.

म्हणजे 'अफवा पसरतात' याच्याशी पूर्णतः सहमत असलेला मीच ती पसरवत होतो. आणि त्या दोन कागदांवर मी दिलेलं उत्तर खोटंही नव्हतं. मला खरंच वाटत होतं की अफवा पसरतात. फक्त ते पसरवणारे दुसरे कोणीतरी असतात, असं वाटत होतं.

या वाटण्याला समाजशास्त्रात नाव आहे. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३मध्ये मांडलं की माध्यमांचा परिणाम आपल्यावर होतो त्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असं माणसं धरून चालतात. 'तिसऱ्या माणसावरचा परिणाम' असं त्याला म्हणता येईल. योगायोगाने आपलं अमरावती विद्यापीठही १९८३चंच. पण चाळीस वर्षांनंतरही आपल्याकडच्या प्रश्नावल्या त्या तिसऱ्या माणसाबद्दलच विचारतात आणि उत्तर देणारा आनंदाने त्याच्याबद्दल सांगतो.

'एक अभ्यास'

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध असतात. तिथे 'समाजमाध्यमांचा अमुक गटावर होणारा परिणाम : एक अभ्यास' या साच्याची शीर्षकं शोधून बघा. मी त्यातले काही चाळले. पहिल्या प्रकरणात इंटरनेटचा इतिहास, मग व्याख्या, मग संशोधन पद्धती, मग टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी निष्कर्ष की सकारात्मक परिणामही होतात आणि नकारात्मकही. योग्य वापर केल्यास समाजमाध्यमे वरदान आहेत.

या वाक्याशी वाद घालता येत नाही, हीच त्याची अडचण आहे. 'समाजमाध्यमे'च्या जागी 'कुऱ्हाड' टाका किंवा 'सोयाबीन' टाका, वाक्य तितकंच बरोबर राहतं.

मला वाटतं चूक 'परिणाम' या शब्दापासून सुरू होते. हा शब्द घेतला की फोन कर्ता होतो आणि माणूस नुसता सोसणारा. पाऊस पडला, पीक सडलं; व्हॉट्सअ‍ॅप आलं, समाज बिघडला. मग प्रश्न उरतो तो फक्त किती मिलिमीटर पडला याचा : दिवसाला एक तास, दोन तास, चारपेक्षा जास्त. पण त्या व्हॉइस नोटवर बोट ठेवून 'फॉरवर्ड' दाबणारा मी होतो. का दाबलं, कोणाला पाठवलं, कोणाला पाठवलं नाही, हे त्या कागदावर कुठे बसणार?

मुंबई-पुण्याचा नाही, लंडनचा अहवाल

हा प्रश्न ज्यांनी नीट विचारला, त्यांचं काम मला उशिरा सापडलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांचा 'व्हॉट्सअ‍ॅप व्हिजिलांटीज' हा अहवाल २०१९मध्ये आला. त्यामागे त्या काळातल्या जमावहत्या होत्या. आपल्याला सगळ्यात जवळची म्हणजे राईनपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं गेलं. मंगळवेढ्याकडून आलेले, पोटासाठी गावोगाव फिरणारे लोक होते ते. त्या दिवसांत मुलं पळवल्याचे जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक तर मूळचा कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेचा होता. शेवटचा संदेश कापून टाकला की तो अपहरणाचा पुरावा होत होता.

तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं. लोक अडाणी आहेत, नव्याने फोन हातात आलाय, खरं-खोटं कळत नाही. बनाजी आणि भट यांनी महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात लोकांशी सविस्तर बोलून या निदानालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं की द्वेष पसरवणारी खोटी माहिती पुढे जाते ती मुख्यतः अज्ञानामुळे नाही, तर आधीपासून मनात असलेल्या पूर्वग्रहामुळे. असा मजकूर पाठवणारा माणूस बहुतेकदा फोन उत्तम वापरणारा असतो. आणि पाठवताना आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटत नाही, उलट आपल्या माणसांप्रती कर्तव्य केल्यासारखं वाटतं.

हे वाचताना मला अकोल्याचे मामा आठवले. १३ मे २०२३ला सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली, नेट बंद झालं. मी काळजीने साधा फोन लावला. मामा सुखरूप होते. बोलता बोलता कळलं की नेट जायच्या आधी त्यांनीही बरंच काही इकडेतिकडे पाठवलं होतं. मी विचारलं, "मामा, खरं हाये का ते, पाह्यलं होतं का तुम्ही?" मामा म्हणाले, "खरं-खोटं मंग पाह्यता येते बावा. पयले आपल्या लोकाईले मालूम तं झालं पाह्यजे."

मामा निवृत्त शिक्षक आहेत. गूगल पे, डिजीलॉकर, सातबारा, सगळं स्वतः करतात, आम्हाला शिकवतात. त्यांना 'डिजिटल साक्षर' नाही म्हणणाऱ्याची मी कीव करीन. सगळी गोष्ट त्या 'आपल्या लोकाईले' या दोन शब्दांत आहे. कोण आपले, हे मामांनी फोन घ्यायच्या खूप आधी ठरलेलं होतं. आणि माझंही.

पण अहवालातही फटी आहेत

हा अहवाल मला आवडला म्हणून तो डोक्यावर घ्यावा असं नाही. पहिली गोष्ट म्हणजे संशोधनाचा पैसा व्हॉट्सअ‍ॅपनेच दिलेल्या पुरस्कारातून आला. लेखकांनी ते लपवलेलं नाही आणि कंपनीलाही सूचना केल्या आहेत. तरी 'दोष लोकांच्या पूर्वग्रहाचा' हा निष्कर्ष कंपनीला फारसा टोचणारा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. जुलै २०१८मध्ये कंपनीने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणली. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची. भावकी, गल्ली, कॉलेज, गणेश मंडळ आणि कापसाचे भाव, एवढे पाच ग्रुप धरले तरी एका बोटात साडेबाराशे लोक. पूर्वग्रह आमचा असेल, पण त्याला हा वेग कोणी दिला?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. अहवाल द्वेष पसरवणाऱ्याचं एक ठरावीक चित्र काढतो : बहुसंख्याक, वरच्या किंवा मधल्या जातीचा, तरुण किंवा मध्यमवयीन पुरुष. राईनपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे गावाची ताकद एका बाजूला आणि पाच परके भटके दुसऱ्या बाजूला, तिथे सत्तेचं हे गणित बरंच उलगडतं. पण अमरावतीचे दोन दिवस वेगळे होते. पहिल्या दिवशी एका समाजाचा मोर्चा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा बंद, आणि दोन्हीकडच्या फोनमध्ये आपापल्या जखमांचे व्हिडिओ. हजारो किलोमीटरवरचं त्रिपुरा इतवाऱ्याइतकं जवळ कसं आलं, हे त्या चित्रातून कळत नाही. शिवाय असं चित्र हातात आलं की वाचणारा लगेच तपासतो की मी त्यात बसतो का. नसेल बसत तर सुटलो. म्हणजे पुन्हा तोच तिसरा माणूस.

तासभर शिकवून काय होतं

मग करायचं काय? इथे बिहारमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी १,२२४ लोकांचा अभ्यास केला. त्यातल्या काहींना घरी जाऊन जवळपास तासभर खोटी बातमी ओळखायला शिकवलं. सरासरी परिणाम दिसला नाही. भाजप समर्थकांमध्ये तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं उलट कमी झालं. एवढंच वाचलं तर बनाजी-भट यांचंच खरं वाटतं. पूर्वग्रहापुढे शिकवणीचं काय चालणार?

पण पुढे बद्रीनाथन यांनी सहकाऱ्यांसोबत आणखी एक प्रयोग केला. ५८३ गावं, १३,५००हून जास्त शाळकरी मुलं आणि तासभराऐवजी काही आठवडे चाललेले वर्ग. मुलांनी एकत्र बसून चर्चा केली, गृहपाठ केला. यावेळी फरक पडला, आणि काही महिन्यांनंतरही टिकला. थोडा फरक मुलांच्या आईवडिलांपर्यंतही पोचला.

मी यातून असा अर्थ काढतो की युक्त्या सांगून माणूस बदलत नाही. फोटो कसा तपासायचा हे मामांना मी पाच मिनिटांत दाखवीन, त्यांना ते येईलही. पण 'आपल्या लोकाईले' पाठवायच्या आधी थांबायची सवय ही ओळखीच्या माणसांत, पुन्हा पुन्हा, प्रश्न विचारत बसूनच लागते.

आणि हे काम लंडनहून होणार नाही. अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे येतात. तालुक्यातालुक्याला कॉलेज आहे. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. या सगळ्यांतले विद्यार्थी त्याच ग्रुपांमध्ये आहेत, जिथे परका संशोधक कधीच शिरू शकत नाही. त्यांना वऱ्हाडी कळते. कोणत्या काकाचा 'जागे व्हा' कोणत्या दिवशी येतो, तेही त्यांना माहीत आहे.

मग ते प्रश्न का विचारले जात नाहीत? त्या ताईंना मी दोष देत नाही. वेळ कमी, पैसा नाही, मार्गदर्शक सांगतील ते शीर्षक. आणि दंगलीबद्दल, धर्माबद्दल, स्वतःच्याच गल्लीबद्दल विचारायचं तर उद्या कोण दारात उभं राहील सांगता येत नाही. 'दिवसाला किती तास' हा सुरक्षित प्रश्न आहे. आपल्याकडच्या संशोधनाला अक्कल नाही असं मी म्हणणार नाही. त्याला भीती आहे, आणि ती खोटीही नाही.

तरी विद्यापीठाच्या पाटीवर नाव गाडगेबाबांचं आहे. बाबा कीर्तनात उत्तरं सांगत नसत, आधी प्रश्न टाकत. समोर बसलेल्या माणसालाच, त्याच्याच बोलीत, त्याच्याच घरच्या गोष्टीबद्दल. ऐकणाऱ्याला तोंडाने उत्तर द्यावं लागे, आणि देता देता आपणच कुठे अडकलोय ते त्याला कळे. तिथे 'सांगता येत नाही' अशी चौकट नव्हती.

त्या ताई आज पुन्हा वर्गात आल्या, तर मला त्यांच्या कागदावर एकच प्रश्न हवा आहे : 'तुम्ही पाठवलेली कोणती गोष्ट नंतर खोटी निघाली, आणि ती खोटी होती हे तुम्ही त्याच ग्रुपवर सांगितलं का?'

माझं उत्तर 'नाही' आहे. ती व्हॉइस नोट मी नंतर गुपचूप डिलीट केली, पण तोवर ती माझ्याच फोनमधून गेली होती.