अद्भुताचा दुसरा खर्डा

लेखन-कार्यशाळेहून परतलेल्या अद्भुतकथाकाराचा पेच दुसऱ्या खर्ड्यापाशी सुरू होतो. अमरावती-अकोल्याकडचा लेखक घरी पुनर्लेखनाला बसतो तेव्हा कार्यशाळेतील श्रोते त्याच्या मनात ठाण मांडून असतात. मग प्रत्येक चमत्काराला कारण जोडले जाते आणि पहिल्या खर्ड्यातील वऱ्हाडी हळूहळू पुसली जाते. दोष कार्यशाळेचा नव्हे. तपासणी म्हणजे खुलासा, हा समज लेखकाचाच.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ती कल्पितकथा नव्हे, श्रद्धेने केलेली नोंद आहे, हे खरेच. परंतु अद्भुत प्रसंगही तेथे साध्या, तपशीलवार गद्यात येतात. म्हाइंभटांनी लीळा साक्षीदारांकडून मिळवल्या व नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. मूळ प्रत हरवल्यावर स्मरणातून सिद्ध झालेल्या पाठांतील भेद महानुभावांनी ‘वासना’ म्हणून जपले. एकाच गुळगुळीत पाठाचा हव्यास धरला नाही. तपासणीचा प्रश्न लीळेच्या सत्यतेचा होता. चमत्कार वाचकाला पटण्याजोगा करून देणे, हे कोणी आपले काम मानले नव्हते.